एका चालीची पूर्वतयारी

आमच्या कचेरीच्या नोंदवहीत एक तक्रार आहे : 'तळमजल्यावरील दप्तरखान्याच्या भिंतीतून कुणीतरी रडल्यासारखा आवाज येतो.' ही तक्रार मीच नोंदवून घेतली, चौकशी मीच केली आणि 'समक्ष पाहणी केली, आवाज आढळला नाही' असा शेरा मारून ती निकालातही मीच काढली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी कागदावर लिहिलेलं हे एकमेव खोटं. कारण तो आवाज माझाच होता. म्हणजे माझ्या व्हायोलिनचा.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात बसणाऱ्या, गुडघे कुरकुरायला लागलेल्या, बावन्न वर्षांच्या माणसाने व्हायोलिनच्या नादी लागायचं काही कारण नव्हतं. माझं कारण म्हणजे माझे बाबा.

बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, आणि तीही कानाने. यंत्र चालवायला सांगायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "खालचा दोरा घट्ट आहे." झाकण उघडलं की खालचा दोरा घट्टच असायचा. लांबचे शिंपी तर फोन यंत्राजवळ धरायचे आणि बाबा घरबसल्या रोग सांगायचे. काम करताना ते एक चाल शिट्टीवर वाजवत. त्यांच्या उमेदवारीच्या काळात दुकानाच्या माडीवर कोणी एक भाडेकरू राहायचा, तो रोज संध्याकाळी ती व्हायोलिनवर वाजवायचा. एके दिवशी तो खोली सोडून गेला आणि चाल तेवढी खाली बाबांकडे राहिली. ती कुठली, कुणाची, याचा पत्ता त्यांनाही कधी लागला नाही. "एकदा ती व्हायोलिनवर परत ऐकायची राहिली बघ," असं ते वर्षातून दोनदा तरी म्हणत.

आणि मग कानाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कानात यंत्र लावून त्यांना वर्ष, फार तर दीड वर्ष ऐकू येईल. पुढचं मी सांगू शकत नाही."

बाबांची पंचाहत्तरी अकरा महिन्यांवर होती. मी डॉक्टरांच्या जिन्यातच ठरवून टाकलं की पंचाहत्तरीच्या दिवशी ती चाल मी त्यांना व्हायोलिनवर वाजवून दाखवणार. शिट्टीवरून ती मला तोंडपाठ होती. प्रश्न फक्त व्हायोलिनचा होता. जिन्यात माणसाला सगळंच सोपं वाटतं.

आता कोणी म्हणेल, मग बाबांना सांगायचं आणि त्यांच्यासमोर शिकायचं. पण आमच्या घरात अर्धवट काम दाखवायची पद्धत नाही. बायकोने आजवर एक बाही विणलेला स्वेटर कुणाला दाखवलेला नाही. बाबासुद्धा यंत्र उघडं असताना गिऱ्हाइकाला आत येऊ देत नसत. दाखवायचं तर पुरं करून, पुसून, लख्ख करूनच दाखवायचं. मीही त्याच तालमीत वाढलेला, तेव्हा तयारी गुपचूप करायची हे ओघानेच आलं.

मास्तर सापडले ते चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत. पूर्वी नाटकांच्या वाद्यवृंदात वाजवणारे, काटकुळे, आणि हसण्याचं खातं कायमचं बंद केलेले. त्यांनी माझी बोटं उलटसुलट करून पाहिली. बाजार उठताना उरलेली भाजी पाहावी तशी पाहिली.

"वय?"

"बावन्न."

"तीन महिने डाव्या हाताला काम नाही. नुसता तारांवरून गज ओढायचा. अपेक्षा ठेवू नका, मीही ठेवणार नाही."

मी म्हणालो, "मला एकच चाल शिकायची आहे."

"सगळ्यांना एकच शिकायची असते," मास्तर म्हणाले आणि माझी हनुवटी धरून त्यांनी ती व्हायोलिनवर बसवली. इतक्या परखडपणे माझ्या हनुवटीला यापूर्वी फक्त न्हाव्याने हात लावला होता.

शिकवणी आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस सराव, आणि सराव घरी करायचा नाही. मग करायचा कुठे? हा प्रश्न मी समोरच्या बिऱ्हाडात नेला, ही माझी पहिली घोडचूक. समोरचे गृहस्थ वाहनांचा विमा विकतात, पण अख्खी इमारत त्यांना 'सल्लागार' म्हणते, कारण विमा त्यांच्याकडून कुणी घेतला नाही तरी सल्ला सगळ्यांनी घेतलेला आहे.

"गच्ची!" सल्लागार म्हणाले. "मोकळी हवा, फुप्फुसंही सुधारतील."

व्हायोलिनला फुप्फुसं लागत नाहीत हे मी त्यांना सांगितलं नाही. सल्लागारांना अडवलं की सल्ला लांबतो.

गच्चीवर मी तीन दिवस गज ओढला. चौथ्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी नियमावली घेऊन वर आले. नियम सतराप्रमाणे गच्चीचा वापर 'कपडे वाळवणे व हलका व्यायाम' एवढ्यासाठीच होता. मी अर्ज केला, की व्हायोलिनवादन हलका व्यायाम समजण्यात यावं. त्यावर समितीची बैठक झाली. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी साक्ष दिली, "व्यायाम हलका नाही. मला सोसावा लागला आहे." दीड तासाच्या चर्चेनंतर समितीने उदार मनाने परवानगी दिली. अट एकच होती. सोळाही सदनिकांच्या मालकांचं लेखी ना-हरकत पत्र आणावं.

पंधरा पत्रं मी आणली. त्यासाठी पंधरा घरी बसून पंधरा जणांची व्हायोलिनविषयीची मतं ऐकली. सोळावी सदनिका आमची. तिचे मालक बाबा.

मी सेक्रेटरींना म्हणालो, "अहो, ज्यांच्यापासून लपवायचं त्यांचीच सही कशी आणू?"

"भावना समजते," ते म्हणाले. "पण रकाना कोरा ठेवता येत नाही."

नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसाचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कचेरीत मी स्वतः दुसरं काय करतो?

त्यावरून कचेरीचा दप्तरखाना सुचला. साडेपाचला सगळे गेले की मी तळमजल्यावर उतरायचो आणि जुन्या फायली रचलेल्या लाकडी घोड्यांमधे उभा राहून गज ओढायचो. फायलींनी कधी हरकत घेतली नाही. मास्तरांचे तीन महिने भरल्यावर डावी बोटं सुरू झाली आणि त्याच आठवड्यात उशिरापर्यंत थांबणाऱ्या रोखपालबाईंनी ती तक्रार केली. साहेबांनी फाइल माझ्याकडे टाकली. "तुम्ही सरळ माणूस आहात, तुम्हीच बघा." मी बघितलं आणि वर सांगितलेला शेरा मारला. पण बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी प्लंबरला बोलावलं. त्याने भिंतीला कान लावला, तीन ठिकाणी ठोकलं आणि चौथ्या ठिकाणी हातभर भगदाड पाडलं. आत खरोखरच एक नळ निघाला. हा नळ कोणत्याही नकाशावर नव्हता. पाणीपुरवठ्याच्या स्वतःच्या कचेरीत बेवारस नळ! त्यातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे शोधायला त्रिसदस्यीय समिती नेमली गेली आणि दप्तरखान्याला कुलूप लागलं. समितीचा चिटणीस अर्थात मी.

या सगळ्या उलाढालीत मी एक गोष्ट बघायची ती बघितली नाही, आणि आता तेवढीच दिसते. पूर्वी मी सहाला घरी यायचो. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, मी पलंगाच्या कडेवर, हातात चहा, आणि जेवणाची ताटं मांडेपर्यंत आमच्या गप्पा. आता मी आठ वाजता यायचो.

"अहो, बाबा सहा वाजले की खुर्ची दाराकडे वळवतात," बायको एकदा म्हणाली.

"सांग, कामाचा ताण आहे म्हणून. तो बेवारस नळ आहे ना!"

"नळाचं किती दिवस सांगू? ते काही बोलत नाहीत, पण खुर्ची वळवतात."

"अगं, त्यांच्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

ती ताटं मांडायला वळली. तिने उत्तर दिलं नाही की मी ते माझ्या बाजूने मोजतो, ही माझी जुनी खोड.

पुन्हा सल्लागार धावून आले. त्यांच्याकडे गाडी आहे. वाहनविम्याचा धंदा असल्यामुळे त्यांना गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून ती इमारतीमागे कायमची उभी असते. "काचा लावा आणि वाजवा," ते म्हणाले. मी मागच्या सीटवर तिरका बसून वाजवायला लागलो. गज पुरा ओढला की काचेवर आपटायचा, म्हणून अर्धाच ओढायचो. ये-जा करणाऱ्यांना आवाज फारसा जात नसावा, पण माणूस दिसायचा. एका सद्‌गृहस्थाने मला झटका आला असं समजून दार उघडलं आणि ते हुंगवायला कांदा शोधत धावले.

मास्तर मात्र चार दिवसांनी थबकले. "तुमचा गज आखूड का झाला? कपाटात बसून वाजवता का?"

मी गाडीचं सांगितलं. पहिल्यांदाच चालीचं, बाबांचं, डॉक्टरांचंही सांगितलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्यांच्यासमोर बसून का वाजवत नाही?"

"अजून बेसूर आहे, मास्तर."

"ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी अर्धा तास जास्त शिकवलं आणि माझी चाल कागदावर लिहून दिली.

आता अख्ख्या इमारतीला गुपित ठाऊक होतं आणि अख्खी इमारत ते बाबांपासून जिवापाड राखत होती. एकदा बाबांनी कानातलं यंत्र नीट करत विचारलं, "मागच्या बाजूला काय गं कुरकुरतंय?" बायको म्हणाली, "गाडीचा हॉर्न दुरुस्त करताहेत, बाबा." बाबा म्हणाले, "महिनाभर? त्याला म्हणावं, तुझ्या हातात काही राम नाही. दुसरा धंदा बघ." हे तिने मला हसत सांगितलं. मीही हसलो, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. बाबांचं निदान आजवर कधी चुकलेलं नव्हतं.

पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत यायला लागली होती. मधे दोन जागा होत्या, तिथे माझं बोट हमखास घसरायचं. एरवी घरच्या घरी वाजवली असती तर त्या दोन जागा कुणाच्या खिजगणतीतही आल्या नसत्या. पण सल्लागारांनी मनावर घेतलं होतं. "असा प्रसंग चार माणसांत व्हायला हवा!" चाराची चाळीस माणसं झाली. तळमजल्याच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या गेल्या. माइक आला. सेक्रेटरींनी प्रास्ताविक लिहून काढलं. मुख्याध्यापिका अध्यक्ष झाल्या. मास्तरांनाही बोलावणं गेलं. बाबांना नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसवलं आणि ते मला विचारत होते, "एवढे लोक कशाला रे जमलेत? कुणी गेलं का?"

मी आतल्या खोलीत व्हायोलिन घेऊन उभा होतो. फटीतून चाळीस माणसं दिसत होती. त्यांतल्या पंधरा जणांच्या ना-हरकती माझ्याकडे होत्या, तरी माझा पाय दाराबाहेर पडेना. त्या दोन जागा माइकवरून चाळीस जणांना ऐकू जाणार, उद्या जिन्यात त्यावर सल्ले मिळणार, कचेरीत गोष्ट पोचणार. मी व्हायोलिनची एक खुंटी धरली आणि पिळत गेलो. तार ताणली, कण्हली आणि तुटली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाहेर येऊन मी जाहीर केलं की ऐन वेळी तार तुटल्यामुळे एक छोटा कार्यक्रम रद्द होत आहे. लोक हळहळले. सल्लागारांनी माइक हातात घेतला आणि आयुष्य किती बेभरवशाचं आहे यावर वीस मिनिटं बोलले. शेवटी दोन पॉलिसी खपल्या.

मास्तर आत आले. तुटलेल्या तारेचं टोक त्यांनी बोटावर घेतलं.

"ही वाजवताना तुटलेली नाही," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"आज वाजवायला हवं होतं तुम्ही. बाप काय परीक्षा घ्यायला बसला होता?"

"दीड महिना द्या, मास्तर. स्वच्छ वाजवीन."

"मी देईन," ते म्हणाले. "माझ्याकडे काय मागता?"

तीन आठवड्यांनी बाबांना सर्दी झाली. साधी सर्दी, थोडा ताप. पाचव्या दिवशी ताप उतरला, ते उठून बसले आणि वर बघून म्हणाले, "पंखा बंद पडला का रे?" पंखा गरगर फिरत होता. मी म्हणालो, "नाही, बाबा, चालू आहे." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने म्हणालो, मग ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. समोरचे सल्लागारही दार उघडून आले. फक्त ज्यांच्यासाठी ओरडत होतो त्यांनाच ऐकू गेलं नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, असं कधी कधी एकदम होतं. नवीन यंत्राचाही उपयोग झाला नाही.

पुढच्या महिन्यात चाल स्वच्छ झाली. दोन्ही जागा पक्क्या बसल्या. मास्तर म्हणाले, "झाली."

एका रविवारी मी व्हायोलिन घेऊन बाबांसमोर उभा राहिलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. त्यांनी व्हायोलिनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी चाल वाजवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक न करता. बाबा माझ्या उजव्या हाताकडे टक लावून बघत होते.

"कोपर जखडलंय तुझं," वाजवून झाल्यावर ते म्हणाले. "अडचणीच्या जागेत काम करायची सवय लागलेली दिसते. सैल सोड."

मी मान हलवली.

"माडीवरच्या माणसाची चाल ना? बोटं बघून वाटलं."

मी पुन्हा मान हलवली. मला रडू आवरत नव्हतं. त्यांनी आमची बोलायची वही पुढे केली. "कधीपासून शिकतोयस?"

'वर्ष झालं', मी लिहिलं. 'रोज संध्याकाळी.'

बाबांनी ती ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"म्हणजे तू तिकडे होतास होय," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्याशी ओरडून बोलायचा कंटाळा आला तुला. मी म्हटलं बरोबरच आहे, दिवसभर दमून येतो माणूस." मग वही मिटत म्हणाले, "ती चाल माझ्या डोक्यात आहेच रे. आजही जशीच्या तशी वाजते. तुझा आवाज मात्र आता आठवून बघावा लागतो."

असं ते रागाने म्हणाले असते तर मला सोसलं असतं. ते हे अगदी सहज म्हणाले आणि माझ्या पाठीवर थोपटलं. वर्षभर त्यांचे कान शाबूत होते आणि मी ते वर्ष मोटारीत बसून घालवलं. एकदाही, एका संध्याकाळीसुद्धा, मला घरी जावंसं वाटलं नाही, कारण मी त्यांच्यासाठी फार मोठं काहीतरी करत होतो. या गोष्टीला दुसरी बाजू नाही. मी शोधून बघितली.

आता मी रोज सहाला घरी असतो. बाबा खिडकीजवळ, मी पलंगाच्या कडेवर, मधे वही. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते मोठ्याने विचारतात आणि ते समोरच्या बिऱ्हाडातही ऐकू जातं, "काय मग, आज कचेरीत काय झालं?" पूर्वी याला मी 'काही विशेष नाही' असं म्हणायचो आणि मग तासभर बोलत बसायचो. रोखपालबाईंची छत्री, साहेबांचे नवे दात, कुणाच्या तरी नळाला आलेला बेडूक. बोलताना यातलं सगळं आपोआप यायचं. लिहायला बसलं की यातलं काहीच लिहिण्याजोगं वाटत नाही. मी पेन उघडतो, बराच वेळ विचार करतो आणि लिहितो, 'काही विशेष नाही.' बाबा चष्मा लावून ते वाचतात, हसून मान डोलावतात, आणि पुढची ओळ येईल म्हणून वहीकडे बघत बसतात.